पुढच्या चाकाची नक्षी

रामवाडी, पेण
बुधवार, २२ जानेवारी १९९७

चि. शकूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे.

रविवारी तुझा नवरा मोटारसायकल घेऊन दुकानात आला. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणाला, "मागचं चाक पंक्चर झालंय, मामा. बाकीची दुकानं बंद हायेत." पंक्चर कसलं! ट्यूबचा वॉल ढिला करून हवा सोडलेली. मला कळणार नाही? मी हवा भरली. तेवढ्यात नजर पुढे गेली. दोन्ही चाकांना बटणाचे टायर!

"कुठल्या शहाण्यानं बसवले?"

"मीच. आमच्या मिठागराच्या बांधावर भारी धरतात."

"धरणारच. बटणं चिखलात रुततात. पण रोह्यापासून इथवर बांध हाय काय? डांबराला टेकतात ती नुसती बटणांची डोकी. गाडी कलली की ती वाकतात, आणि ब्रेक दाबलास की पुढचं चाक सरकतं."

"माझी नाय कधी सरकली."

"एकटा असतोस म्हणून."

तो खाली बघत म्हणाला, "येत्या रविवारी शकूला आणायचीय मामा, याच गाडीवरून. सातवा लागला. बाळंतपण आमच्या आईकडे, इथं खाडीवर."

मी पान्हा शोधायला लागलो. तो हातातच होता.

पहिलं बाळंतपण कुठे करतात, हे मला कुणी शिकवायला नको. तरी तुझी आई रोज ताटाबरोबर ऐकवते, "तुमी टायरच बघत बसा!"

तर नीट वाच. मोटारसायकलवर बसायचं नाही. मागचा टायर राहू दे, तुझ्या नाथाला बांधावर लागतो. पुढे मात्र उभ्या रेघांचाच हवा, त्यानं चाक सरळ धावतं आणि ओल्या रस्त्यावर पाणी रेघांतून निघून जातं. त्याच्या मापाचा काढून ठेवलाय. शनिवारी तो टायर खांद्याला अडकवून मी रेल्वेनं रोह्याला येतो. स्टेशनवर कुणी येऊ नका. लग्नाला आलो नाही, घर ठाऊक नाही, तेव्हा विचारत विचारत येईन. तेवढं मला करू दे.

आधी टायर बदलीन, मग चहा घेईन. नाथाला सांग, त्याच्या आईनं राग धरू नये, बारशाला तिला मी स्वतः बोलवायला जाईन.

साडी सैल नेस. डब्यात खिडकीची जागा मी धरीन.

तुला न्यायला येणारे,
तुझे बाबा
हैबतराव