‘खोली मोकळी करा’

सोम., २ फेब्रु.
एकोणिसाव्या साधनाचे (टूलचे) वर्णन लिहून झाले. नाव ‘खोली मोकळी करा’. भोईवाड्यातल्या धर्मशाळेचे सॉफ्टवेअर आमचे दादरचे ऑफिस करते. बाहेरगावचे रुग्ण तिथे राहतात. आता खोल्यांचे वाटप एआय एजंट करणार, आणि कुठले साधन कधी वापरायचे हे त्याला फक्त माझ्या लिहिण्यावरून कळणार. बारावी अर्धवट सोडलेल्याला हे काम मिळाले ते गिरगावात पत्रिकांची प्रुफे वाचायचो म्हणून. ऑफिसातले माझे वरिष्ठ परागदादा म्हणाले, “दोन ओळींत बसव.” लिहिले: “अंगठ्याच्या यंत्रावर सलग तीन दिवस हजेरी नसल्यास खोली मोकळी करून यादीतील पुढच्या रुग्णाला द्यावी.” दोनदा तपासले. चूक नाही.

गुरु., ५
धर्मशाळेच्या सावंतकाकांचा फोन. वीस वर्षे खोल्या तेच सांभाळतात. “अरे, चौदा नंबर कोणी दिला? मोहित्यांचं सामान माझ्या टेबलाखाली आलंय.”
मोहिते घरी गेले नव्हते. हॉस्पिटलच्या वॉर्डात भरती होते. बायको तिथेच खाटेखाली झोपायची. अंगठा कोण लावणार? चौदामध्ये आता जालन्याचे कुटुंब, लहान मुलगी आजारी. त्यांना उठवायचे कसे?
दादा म्हणाले, “एजंट चुकला नाही. तू लिहिलंस तेच त्याने केलं.”
खरे आहे. पण मी तरी खोटे कुठे लिहिले होते?

शुक्र., ६
धर्मशाळेत गेलो. काका सगळ्यांसमोर, “या, लेखक.” मोहितेबाई तिथेच होत्या. संगमेश्वरच्या. वाटले, बोलतील. म्हणाल्या, “तुम्ही लिहिता होय? मग आमचं पण लिहा. मंगळवारी ह्यांना सोडतायत. गर्दीत ठेवू नका म्हणालेत डॉक्टर.” एजंटने त्यांना नवीन धरून यादीत शेवटी टाकले आहे.
काकांना विचारले, कोण गेला नि कोण येणार हे तुम्हाला कसे कळायचे?
“शेगडी बघायची. सगळे आपापली आणतात. घरी जाणारा घेऊन जातो. वॉर्डात गेलेला ठेवून जातो.”
“आणि जो वॉर्डातून परतच...”
“त्याची माणसं पण ठेवून जातात. पुढच्याला होईल म्हणून. पण घासून ठेवतात.”
हे कुठल्या रकान्यात बसते?

शनि., ७
‘कधी वापरू नये’ या मथळ्याखाली सतरा ओळी झाल्या. भरती असल्यास. तपासणीसाठी थांबल्यास. बोट सुजून अंगठा उमटत नसल्यास (असे खरेच होते, काका म्हणाले). दादांनी वाचले. “आता शेगडी बघायला कॅमेरा लावू?”
शेवटी एकच ओळ ठेवली: “व्यवस्थापकांना विचारल्याशिवाय वापरू नये.”
“मग एजंट कशाला? काकाच बसू देत.” पुढे म्हणाले, दिवाळीत काका आठ दिवस गावी होते तेव्हा सहा खोल्या कुलपात आणि माणसे फुटपाथवर. त्यावरूनच तर हे काम आपल्याकडे आले.
तेही खरे. ती ओळ काढली.
आईला सांगितले. “तू लिवलंस मां? मगे तूच जा नि निस्तर.”

सोम., ९
दादांनी मधला मार्ग काढला. मोहिते यादीत सर्वांत वर. जी खोली आधी मोकळी होईल ती त्यांची. साधन चालू; एजंट रोज अकराला खोल्या वाटतो, पण उद्याच्या त्या फेरीपुरते ‘थांबवा’ बटण माझ्या फोनवर.
फेरीत एकच खोली आहे. नऊ नंबर. बीडचे बापलेक, बाप आजारी. तीन दिवस अंगठा नाही, फोन बंद. वॉर्डात चौकशी केली. रुग्णाची माहिती नातेवाइकांनाच देतो, म्हणाले.

मंगळ., १०, धर्मशाळेतच लिहितो आहे
साडेदहाला काकांनी दुसऱ्या चावीने नऊ उघडली. शेगडी आहे. स्वच्छ आहे. मी काकांकडे पाहिले. काका म्हणाले, “तो पोरगा रोजच घासायचा रे. टापटीप.” खिडकीत औषधांची पिशवी, निम्म्या गोळ्या शिल्लक.
“औषधं टाकून कोण जाईल?” मी.
“नेऊन तरी काय करतील?” मग खाटेवर बसले. “मला नाही कळत ह्या वेळी.”
काकांना कळत नसेल तर मी ते एजंटला कोणत्या शब्दांत सांगू? आणि मी काही लिहिलेच नाही तर तो दोन तारखेचेच वाक्य वाचणार.
अकराला सात कमी. खाली टॅक्सी आली. मोहितेबाई नवऱ्याला धरून बाकापर्यंत घेऊन आल्या. मास्कवर फक्त डोळे. बाईंनी वर पाहून विचारले, “कुठली खोली, दादा?”
“बसा,” म्हटले. “सांगतो.”
फोन हातात आहे. ‘थांबवा’ दाबलेले नाही, अजून.