अकराची नोंद

प्रिय अण्णा,

येत्या गुरुवारी नौदलाची माणसं आमच्या कॉलेजात येणार आहेत. त्यांच्या फॉर्मातल्या एका ओळीवर माझं पेन परवापासून अडून बसलं होतं, म्हणून तुम्हाला लिहितोय. ओळ अगदी साधी आहे: वडिलांचा व्यवसाय आणि त्याबद्दल थोडक्यात. बाकी सगळा फॉर्म भरून झाला होता. छंदांत पोहणं लिहिलं नाही, कारण ते मला अजून येत नाही. औरंगाबादेत आठ दिवसांनी नळ येतो, इथं पोहायला शिकायचं कुठं?

तुम्ही गेलात तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. आता तिसऱ्या वर्षाला आहे. मेकॅनिकलच घेतलं, तुम्ही सांगितलं होतंत तसं. नौदलाचं पथक तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या मुलाखती घेतं. त्यातून निवडलेल्यांची पुढं पाच दिवस परीक्षा होते, मग ट्रेनिंग, मग जहाज. मला जायचंय ते अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुडीच्या इंजिनावर. ते काही लगेच हातात देत नाहीत, आधी काही वर्षं स्वतःला सिद्ध करावं लागतं म्हणे. पण विचार करा ना, तिथंही शेवटी पाणीच तापवायचं, वाफ करायची आणि त्या वाफेवर चक्र फिरवायचं. तुमचंच काम की! फक्त खाली कोळसा नाही.

आईला हे समजावलं तर तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, की तिथं प्यायचं पाणी कोण आणून देतं. समुद्राचंच गोडं करून घेतात म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. आपल्या बोळात सध्या टँकर येतो, त्यामुळं तिचे सगळे प्रश्न तिथूनच सुरू होतात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली इमारत उभी राहिलीय, अण्णा. तुम्ही करमाडहून आलात तेव्हा तिथं ज्वारी होती असं सांगायचात. आता तिथं राहायला आलेलेही आपल्याच टँकरच्या रांगेत उभे असतात.

मुलाखतीची तयारी सिडकोतले भालेराव सर करून घेतात. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की घरात असा कुणी आहे का, ज्याच्याकडं बघून तुला हे करावंसं वाटलं. मी तुमची गोष्ट सांगितली. आपल्या घरात सांगतात तीच. मागच्या मोठ्या दुष्काळात कारखान्याचा टँकर उशिरा आला, बॉयलरचं पाणी तुटलं, आणि तुम्ही जिवावर उदार होऊन भट्टीतली आग ओढून बाहेर काढलीत. कारखाना वाचला, आणि बक्षीस म्हणून तुम्हाला बॉयलरवरून उचलून गोदामात बसवलं. सरांनी मांडीवर थाप मारली. मग म्हणाले, "हीच सांग. लई वजन पडंल."

तेव्हापासून मी तीच गोष्ट घोकतोय. आरशापुढं उभं राहून, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं. लाज वाटते आता.

कारण परवा फॉर्मासाठी तुमचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट शोधायला मी तुमची पत्र्याची पेटी उघडली. सर्टिफिकेटाखाली तुमच्या खिशातल्या वह्या होत्या. कंपनीच्या नोंदवहीत दर तासाला जे लिहायचात, तेच स्वतःच्या वहीतही उतरवायचात. वाफेचा दाब, काचेच्या नळीतली पाण्याची पातळी, सही. त्या दिवसाचं पान मी शोधलंच. दहाची नोंद आहे. अकराची नाही. त्या जागी लिहिलंय: "घरच्या फोनवर होतो. बाहेर निंबाखाली. वीस मिनिटं. काच बघितली नाही. टँकर उशिरा, पण चूक माझी." खाली सही.

घरच्या फोनवर! अण्णा, तो फोन माझा होता.

मी नववीत होतो. आई कुणाच्या तरी बाळंतपणाला पाचोडला गेलेली. अकरा दिवसांनी नळ आला आणि मोटर नुसतीच घरघरायला लागली, पाणी धरेना. मी रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन लावला. आत भट्टीच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून तुम्ही बाहेर आलात. मला सगळं आठवतंय. "आधी बंद कर. वरचा बोल्ट ढिला कर. तांब्यानं पाणी ओत, बुडबुडे थांबंस्तोर ओत. घाई नाय करायची." बोल्ट निघत नव्हता. तुम्ही एकदाही चिडला नाहीत. मी पान्हा शोधेपर्यंत फोनवर थांबून राहिलात. मोटरनं पाणी धरलं तेव्हा मी ओरडलो, आणि तुम्ही हसलात. मग काही न बोलता फोन ठेवलात.

तुम्ही काही न बोलता का ठेवलात, ते मला सहा वर्षांनी कळतंय.

संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा भुवया जळालेल्या होत्या. मी टाकी भरल्याचं सांगायला धावत आलो, आणि आईचा फोन आला म्हणून ते राहूनच गेलं. तुम्हीही विचारलं नाहीत.

काल वही आईपुढं ठेवली. तिनं ओळखली, पण उघडली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय. ते म्हणले, पोराला सांगू नको. त्याला वाटंल, त्याच्यामुळं झालं."

आणि उठून भाजी निवडायला गेली.

आता तुमच्यावर रागावू की तुमच्या पाया पडू, मला खरंच समजत नाही. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला बॉयलर दाखवायला न्यायचात. त्याच्या अंगावरची ती उभी काचेची नळी दाखवायचात, आतलं पाणी जेवढं तेवढं तिच्यात दिसतं म्हणायचात. पाळी सुरू झाली की पहिलं काम काच झाडायचं. खालचा कॉक उघडून पाणी सोडून द्यायचं आणि ते पुन्हा चढतं का बघायचं. कारण गाळ अडकला तर आत पाणी संपत आलं तरी काच भरलेली दिसते. "भरलेल्या काचेचं भ्या वाटायला पायजे," असं तुम्ही मला सांगितलंत. घरच्या टाकीतसुद्धा वेळूची काठी बुडवून बघायचात आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचात. मग आपल्याच घरात एक काच शेवटपर्यंत न झाडता कशी ठेवलीत? मी ती बघून छाती फुगवत राहिलो, कारखान्याला शिव्या देत राहिलो. तुम्ही गोदामात पोती मोजत होतात आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

पण मग वाटतं, नववीतल्या मुलाला तुम्ही सांगणार तरी कसं होतात?

माझा गोंधळ हा होता, अण्णा. गुरुवारी मी जुनीच गोष्ट सांगितली तर वजन पडेल, पण ती खोटी आहे. खरी सांगितली, तर तुम्ही लपवून ठेवलेलं मी परक्या माणसांपुढं उघडं करणार. ते म्हणतील, याचा बाप बॉयलर सोडून फोनवर बोलत उभा होता, आणि याला अणुभट्टीवर बसायचंय! आणि काहीच सांगितलं नाही, तर मग मी तिथं का जातोय, याचं उत्तर माझ्याकडं उरत नाही. तुमच्या चुकीची भरपाई करायला जातोय का? की माझ्या? की वाफेचा तो वास आवडतो म्हणूनच? खरं सांगतो, माहीत नाही.

आज सकाळी भालेराव सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील राहू दे, जुनीच ठेव. पण त्यांनी विचारलं, की वहीतली ती ओळ कुणी लिहायला लावली होती का. मी म्हटलं नाही, वही त्यांची स्वतःची होती, कुणी बघणारही नव्हतं. सरांनी माझ्या घोकलेल्या उत्तरांचा कागद घेतला, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या खिशात घातला.

घरी येऊन मी फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय: बॉयलर अटेंडंट. थोडक्यात: दर तासाला खरी नोंद. एवढंच मावलं.

मग तुमची वही पुन्हा काढली. तुमच्या सहीखाली दोन बोटं जागा होती. पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो, कारण तुमच्या वहीत लिहायची मुभा मला कधीच नव्हती. पण अकराची नोंद अर्धी होती, अण्णा. तुम्ही तुमच्याकडचं लिहिलंत, घराकडचं लिहिणारा मीच होतो. तुमच्यासारखंच लिहिलं: "फोन विशालचा. मोटरनं पाणी धरलं. टाकी काठोकाठ." खाली सही केली.

गुरुवारी त्यांनी विचारलं तर ही नोंद आहे तशी वाचून दाखवीन. का जायचंय याचं उत्तर तोवर सापडलं नाही, तर माहीत नाही असंच सांगीन. ते घेवोत न घेवोत. आणि ज्या यंत्रापुढं मला उभं करतील, तिथं बसण्याआधी रोज काच झाडीन. हा शब्द देतो.

तुमचा,
विशाल