आधी चौकट, मग चेहरा

प्रिय अहो,

नाव घालून पत्र लिहायचा धीर तीस वर्षांत झाला नाही, तो आता काय होणार! आक्कांकडे गडहिंग्लजला जाऊन तुम्हाला पंधरा दिवस झाले. डोळ्यांत औषध वेळेवर घालता ना? अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तेव्हा आक्कांना वाचायला लावू नका. जाताना तुम्ही फर्मान काढलंत, की डोळ्याचा पडदा बिघडला, सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, आता स्टुडिओ संपला. महिनाअखेर शाहूपुरीतल्या गाळ्याची किल्ली मालकांना देऊन टाक. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नऊला शटर वर केलं. रागावू नका, पुढचं वाचा.

मंगळवारी शाहूवाडीकडचे पिराजी आले. आईचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं आणि धोंडुबाईंचा सुटा फोटो एकही नाही. मोबाइलमध्ये नातीच्या लग्नातल्या घोळक्याचा एक, तोही तिरका घेतलेला. मी कॉम्प्युटरवर आजूबाजूची माणसं क्रॉप केली आणि धोंडुबाईंचे दोन्ही डोळे एका रेषेत येईपर्यंत फोटो फिरवला. छान ताठ बसल्या. पिराजी फोटो निरखून म्हणाले, "वैनी, ही आमची आई न्हाय."

तेव्हा तुमचं नेहमीचं बोलणं आठवलं, आधी चौकट बघ, मग चेहरा. मूळ फोटो पुन्हा उघडला. धोंडुबाईंच्या मागं दार होतं. त्या दाराच्या चौकटीला रेघ लावून फोटो सरळ केला, तसं दार उभं राहिलं आणि त्यांची मान आपसूक डावीकडे कलली. जन्मभर वैरणीचे भारे वाहून ती तशीच झाली होती म्हणे. पिराजींनी चपला काढल्या आणि स्क्रीनला हात जोडले. खरं सांगते, मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की घरी जाताना मी माझ्यासाठी गजरा घेतला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आजवर एकही फोटो परत आला नाही, असं तुम्ही चारचौघांत सांगता. खरंच आहे ते. पण दिवाळीपासून तुम्ही काढलेले फोटो एका बाजूला झुकायला लागले होते. प्रिंट काढणं माझ्याकडे, म्हणून प्रत्येक फोटो मी आधी गुपचूप सरळ करत होते. तेव्हाच बोलले असते तर तुम्ही डॉक्टरांकडे लवकर गेला असता. ती चूक माझी, पोटात घाला. पण आठ महिने गिऱ्हाइकांनी नावाजलं ते काम माझं होतं, आणि ते मी तुमच्याच शेजारी बसून शिकले. गाळा सोडणार नाही, असं मालकांना कालच सांगून आले. सोमवारच्या एसटीनं या. फोटोला बसलेल्या माणसाच्या कपाळावरची आठी घालवणं मला अजून जमत नाही, तेवढं तुम्ही करा. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मात्र आता माझी.

तुमचीच,
शिवगंगा