फिरवलेला स्क्रू आणि साडेएकोणचाळीस गुण

शनिवार पेठ, पुणे
मंगळवार, सकाळी

प्रिय दशरथ यास,

सप्रेम नमस्कार. (एरवी तुला 'अनेक आशीर्वाद' लिहितो. आज आशीर्वाद देण्याच्या परिस्थितीत मी नाही, तेव्हा नमस्कारावर भागवून घे.) तुझ्या आईंच्या, मुक्ताईंच्या, डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळले. थेंब वेळच्या वेळी घालत जा. सौ. नम्रताचा गुडघा आता कसा आहे? इकडे आमची सौ. आनंदी खुशाल आहे. माझी तब्येतही बरी आहे. म्हणजे जे दुखते आहे ते डॉक्टरला दाखवण्यासारखे नाही. तू म्हणशील, फोन का नाही केला? फोनवर तू 'बोला सर' म्हणालास की माझे निम्मे शब्द घशातच राहतात, म्हणून पत्र. हे पत्र आनंदी स्वतः गॅरेजवर घेऊन येईल. मी पोस्टात टाकायला निघालो तर ते खिशातच ठेवून परत येईन, असे तिचे मत आहे आणि ते बरोबर आहे.

रविवारच्या माझ्या पंचाहत्तरीच्या सत्काराची पत्रिका मिळाली. कागद उत्तम, छपाई सुबक. माझ्या नावामागे 'तत्त्वनिष्ठ' असे छापलेले वाचले आणि पत्रिका पालथी घालून ठेवली. प्रमुख भाषण तुझे, विषय 'अर्धा गुण'. ही गोष्ट तू इतक्या ठिकाणी सांगितली आहेस की आता ती मलाच पाठ झाली आहे. अठ्ठ्याण्णव साली तंत्रनिकेतनात, दाबाच्या आकड्यापुढे तो गेज की निरपेक्ष हे लिहिले नाही म्हणून मी तुझा अर्धा गुण कापला. तू साडेएकोणचाळीसवर नापास झालास. (अर्ध्याचा पूर्ण करणे ही मला त्या काळी विज्ञानाशी बेइमानी वाटे.) कारखान्यातली ठरलेली नोकरी गेली, वाशीमला परत जायला तोंड नव्हते, म्हणून मार्केट यार्डात ट्रकखाली आडवा पडून तू इंजिन शिकलास, आणि आज वारज्यात तुझे स्वतःचे डिझेल गॅरेज आहे. त्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिले आहे, 'दाब सांगताना कुठला दाब ते सांगा. – श्यामसुंदर सरांची शिकवण.' ते वाचून मी दर वेळी दोन इंच उंच होऊन बाहेर पडत असे. या रविवारनंतर मला तिथून मागच्या दाराने बाहेर पडावे लागेल.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणजे यावे लागते आहे. आनंदी समोर बसून शेंगा सोलते आहे आणि पेन थांबले की वर बघते.) आमची प्रियदर्शनी घाटातल्या शर्यतींत चालवते ती गाडी तुला सांगायला नको, तिचे इंजिन तूच चार महिने खपून बांधलेस. ती कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे परदेशी गेली आणि जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेली. दर तीन दिवसांनी गाडी जागेवर सुरू करायची, दहा मिनिटे चालू ठेवायची, बंद करायची. बाहेर काढायची नाही. आजवर मी शेकडो विद्यार्थ्यांना सूचना नीट वाचायला सांगितले आहे. ही सूचना तर एका ओळीची होती.

पण दहा मिनिटे निवृत्त प्राध्यापकाने करायचे काय? तिसऱ्या खेपेला मी गाडीच्या कप्प्यातले इंजिनाचे माहितीपुस्तक काढून वाचायला घेतले. त्यात तक्ता होता आणि तक्त्यात लिहिले होते : टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा जास्तीत जास्त दाब अडीच बार. मी चमकलो. कारण प्रियदर्शनीने सांगितले होते की तू बसवलेला स्क्रू दाब दीडच्या वर जाऊ देत नाही. दीड झाला की जादा धूर टर्बोला बगल देऊन निघून जातो. म्हणजे कारखाना अडीच म्हणतो आणि आमचा दशरथ दीडवर अडवतो! स्क्रूवर तू लाल रंगाचा ठिपकाही देऊन ठेवला होतास, कोणी हात लावला तर कळावे म्हणून. त्या ठिपक्याकडे बघून मी आनंदीला जे बोललो ते तुला सांगितलेच पाहिजे, कारण ती तू आल्यावर सांगणारच आहे. मी म्हणालो, "पोरगा हुशार आहे, पण एकदा नापास झालेला माणूस जन्मभर जपूनच उत्तर लिहितो."

आनंदी म्हणाली, आधी फोन करून विचारा त्याला. मी म्हणालो, मास्तर विद्यार्थ्याला विचारतो का कधी? आणि पाना घेऊन खाली गेलो, लाल ठिपक्यासकट स्क्रू फिरवला.

शुक्रवारी सकाळी सहाला गाडी बाहेर काढली. (दुसरी सूचना मोडली. मोजत राहा.) चांदणी चौकाचा चढ तिने असा काही घेतला की पंचाहत्तराव्या वर्षी मी एकटाच गाडीत मोठ्याने हसलो. त्या दोन मिनिटांबद्दल मला अजूनही पुरेशी लाज वाटत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पुढे भूगाव ओलांडून पिरंगुटच्या घाटात स्क्रू आणखी थोडा आवळला. दाबाच्या काट्याने सव्वादोन दाखवले आणि बॉनेटखाली बंदुकीसारखा आवाज झाला. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा जाड रबरी पाइप तोंडाशी निसटला होता. आता कुठल्याही सामान्य माणसाला यातून कळले असते की इंजिन हात जोडून नको म्हणते आहे. मी क्लिप ढिली आहे असे निदान केले, पाइप परत बसवला आणि क्लिप दातओठ खाऊन आवळली. सुटकेची तेवढी एक वाट तिला होती, तीही मी बंद केली. पुढच्या वळणावर काटा अडीचला टेकला, माझ्या तोंडून 'आता बरोबर' असे निघाले, आणि इंजिनाचे झाकण घट्ट बंद ठेवणारे हेड गॅसकेट गेले. पांढरी वाफ इतकी आली की मागचा दुचाकीवाला धुके समजून दिवा लावून गेला.

मुळशीकडून घेवडा घेऊन मार्केट यार्डाला निघालेला दत्तोबा नावाचा टेम्पोवाला थांबला. देवमाणूस. त्याने दोर बांधला, काट्याकडे पाहिले, मला आपादमस्तक पाहिले आणि म्हणाला, "काका, वाटंतच वारज्याला एक दशरथशेठचं ग्यारेज हाय. तितं घालू. भिंतीवर लिवलंय बगा त्यानं, दाब कुटला त्ये सांगा म्हनून. कुन्या मोठ्या मास्तरचं वाक्य हाय."

मी म्हणालो, नको, शनिवार पेठेत घ्या. मोठा मास्तर मीच, हे काही माझ्याने सांगवले नाही. वारज्यावरून जाताना तुझ्या गॅरेजसमोर मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो होतो. (पायात चपला होत्या.) माझ्या या लपाछपीपायी दत्तोबाचा बाजार चुकला, तरी त्याने चहासुद्धा घेतला नाही. तेव्हापासून गाडी आमच्या पार्किंगमध्ये जुन्या सतरंजीखाली आहे. परवा प्रियदर्शनीने फोनवर विचारले, "बाबा, गाडी सुरू करता ना?" मी म्हणालो, "हो, चांगली गरम होते." यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणून तर जास्त लाज वाटते.

शुक्रवारी दुपारीच भिंग घेऊन ते पुस्तक पुन्हा उघडले. तक्ता सुरू होण्याआधी, पहिल्याच पानावर, बारीक टाइपात एक ओळ होती : 'या पुस्तकातील सर्व दाब निरपेक्ष आहेत.' म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचा एक बार धरून अडीच. गाडीतला काटा गेज दाब दाखवतो, म्हणजे ती हवा धरत नाही, म्हणून त्याच्यावर दीड. पुस्तकाने डब्यासकट तूप मोजले होते, तुझा काटा नुसते तूप मोजत होता, आणि तूप दोन्हीकडे तेवढेच. तू अगदी काठोकाठ, बरोब्बर लावले होतेस. जे न लिहिल्याबद्दल मी तुला नापास केले, तेच मी वाचले नाही. भिंग बाजूला ठेवले. आनंदीने तुझे पत्रिकेतले नाव माझ्या बाजूला येईल अशी पत्रिका सुलटी करून ठेवली.

मुलांना आशीर्वाद. (ते मात्र देतो, त्यांचे काही बिघडवलेले नाही.) आईंना नमस्कार सांग.

तुझा,
श्यामसुंदर सर
('सर' सवयीने लिहिले गेले. तू वाचताना गाळ.)

ता. क. गाडी न्यायला दुपारी ये, पेठ झोपलेली असते. शनिवारी प्रियदर्शनी परत येते. तोवर इंजिन उघडून होईल तेवढे कर. तिला काही कळू देऊ नकोस, अशी ओळ इथे होती. ती आनंदीने खोडायला लावली. तिला मीच सांगेन.

ता. क. दोन. खरी विनंती ही, की रविवारी अर्ध्या गुणाची गोष्ट सांगू नकोस. माझ्या वक्तशीरपणाबद्दल बोल, फळ्यावरच्या अक्षराबद्दल बोल. गाडीच्या फजितीमुळे मी असे म्हणतो आहे असे तुला वाटेल. वाटू दे.

ता. क. तीन. आनंदी साडी बदलायला आत गेली आहे, म्हणून हे घाईत लिहितो. हे तिलाही ठाऊक नाही. त्या वर्षी निकाल फळ्यावर लागल्यानंतर मी पेपरांचे गठ्ठे बांधत होतो. तुझा पेपर वर होता. पहिल्या पानावर, रोल नंबरच्या खाली, तुझ्या अक्षरात एक ओळ होती : 'सर्व दाब गेज आहेत.' मी तपासताना पहिले पान उलटून थेट उत्तरापासून सुरुवात केली होती. प्राचार्यांची खोली समोरच होती, दारही उघडे होते. मी सुतळीला गाठ मारली. पुढे तू मोठा झालास, गोष्ट सांगू लागलास, लोक टाळ्या वाजवू लागले, आणि मीही वाजवल्या. दशरथ, तू चुकला नव्हतास. रविवारी गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांग. मी खुर्चीवरून उठणार नाही. शाल तुझ्या भाषणानंतर द्यायची की नाही, ते तुम्ही मुलांनी ठरवा.

तुझे गुण चाळीस. उत्तीर्ण. खाली सही केली आहे. तारीख आजची घातली आहे. मागची घालायचा मोह झाला होता.