वाकडची जमीन आणि आमचे सात फॉर्म

५ फेब्रुवारी १९८१, गुरुवार. कारखान्याला सुट्टी.
पाटणकरांनी काल दिलेलं माहितीपत्रक सकाळपासून तीनदा वाचलं. इंग्रजी, बारीक टाइप, चष्म्याचा नंबर वाढवणारं. बांधकाम कंपनी, ऑफिस पुण्यात. लोकांकडून भांडवल गोळा करणार, बिल्डिंगा बांधणार, नफा शेअरवाल्यांना. दहाचा शेअर. अर्जासोबत अडीच, बाकीचे साडेसात शेअर मिळाल्यावर. जमिनी चार ठिकाणी : वाकड, मोशी, चिखली, ताथवडे. कमल म्हणाली, परीक्षा आहे का कसली. म्हटलं, तसंच समज.

७ फेब्रु., शनि.
कँटीनमध्ये दुसरा विषय नाही. पाटणकर हिशेब खात्यातले. प्रत्येक फॉर्ममागे ब्रोकरकडून त्यांना काहीतरी सुटतं, ते लपवतही नाहीत. त्यांचं म्हणणं, शंभर शेअर हवेत तर चारशे मागा, कारण मागणारे ढीगभर असतात, चौथा हिस्सा पदरात पडला तरी खूप. चारशेचे अडीचप्रमाणे हजार भरायचे. शंभर मिळाले की त्यांची पूर्ण किंमत हजारच, वेगळं काही द्यायला नको. गणित चोख. चोख गणिताची मला धास्ती वाटते, पण बोललो नाही.
आम्ही सातजण तयार. बाकी सहाजणांचं एकच, गायकवाडांनी, म्हणजे मी, आधी तपासावं. इन्स्पेक्शनला चौदा वर्षं काढली, माझा शिक्का पडल्याशिवाय गिअरचा ट्रे पुढे सरकत नाही, तसंच हे. मनातून सुखावलो. खोटं कशाला लिहू.

९ फेब्रु., सोम.
कमलशी बोललो. नव्या घरासाठी सोसायटीच्या पहिल्या हप्त्याचे तीन हजार साठलेत, मेअखेर भरायचे. त्यातले हजार काढायचे. शेअर बाजारात आला की दुप्पट होतो म्हणतात, मेच्या आत विकून टाकू, असं सगळं सांगितलं. पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवलं नाही.
"दुसऱ्यांच्या बिल्डिंगला पैसे द्यायचे आणि आपण कासारवाडीच्या या दहा बाय दहात."
म्हटलं, आधी जागा बघून येतो. त्यावर म्हणाली, बघून या, तुम्ही बघितल्यावर मी काय बोलणार. तिचा हा विश्वास कधीकधी जड होतो.

१२ फेब्रु., गुरु. सुट्टी.
सायकलने रहाटणीवरून वाकड. चेन दोनदा पडली. जागा मात्र झकास. चारी बाजूंनी काटेरी तार, बोर्ड, राखणदार, भरलेली विहीर. चुन्याने पाया आखलेला. पावलं टाकून मोजली, पत्रकाशी बरोबर जुळली. राखणदाराने गावातल्या माणसाकडे नेलं, त्याने उतारा दाखवला, कंपनीचंच नाव. ऊन फार झालं होतं. बाकी तीन जागा पुढच्या सुट्टीला.

१३ फेब्रु., शुक्र.
कँटीनमध्ये शिरताच सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, बघून आलो, काम व्यवस्थित आहे. टाळ्याच पडल्या. कुणी विचारलं नाही किती जागा बघितल्या. मीही सांगितलं नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
जेवणाच्या सुट्टीत सातही फॉर्म मीच भरले, अक्षर बरं म्हणून. सोपानचा सगळ्यात मोठा, आठशे शेअर, दोन हजार रुपये. सोपान म्हणजे आमच्या लेथवरचा, महाळुंग्याचा. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या पट्टीचे पैसे आलेत, पोस्टात ठेवलेत. इंग्रजी येत नाही, फुली केली तिथे सही केली.

२३ फेब्रु., सोम.
बँकेत फॉर्म दिले. रांग असेल म्हणून तास आधी गेलो. रांग नव्हती. बँकेतल्या बाईंनी बसायला खुर्ची दिली. बरं वाटलं.

१२ मार्च, गुरु.
मधल्या गुरुवारी ओव्हरटाइम आले, तिन्ही जागा राहून गेल्या. आज सोपानकडे जेवण, पुतण्याचं बारसं. वाटेत मोशीला एस.टी.तून उतरलो. गट नंबर विचारत विचारत पोचलो तर गव्हाची काढणी चाललेली. ना तार, ना बोर्ड. एक म्हातारबा विळा थांबवून म्हणाले, "कुटली कंपनी? आमी इकली न्हाई. धाकल्यानं सही करून पैसं घेतलं, आमी तिघं भाऊ हाय की हितं." कोर्टात गेलेत म्हणे.
बांधावर बसून राहिलो. शंभर गिअरमधले दहा मोजतो आणि ट्रेवर पासचा शिक्का मारतो, चौदा वर्षं हेच. चालतं, कारण शंभरही एकाच मशीनवरून निघालेले असतात. जमिनीचं तसं आहे का? शाळेतल्या पोराला कळलं असतं.
सोपानकडे पोचलो. त्याच्या आईने आग्रह करकरून वाढलं. जेवलो. सांगितलं नाही.

१९ मार्च, गुरु.
चिखली : तलाठी भला माणूस. जमीन सीलिंगच्या कायद्यात अडकलेली, सरकारची परवानगी येईपर्यंत वीटसुद्धा ठेवता येणार नाही. ताथवडे : पत्रकातला गट नंबर गावात कुणालाच सापडेना. चारपैकी एक खरी. कारखान्यात हा ट्रे मी लाथ मारून परत पाठवला असता.
फॉर्म मागे घेता येतात का, पाटणकरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. नाही म्हणाले.

२ एप्रिल, गुरु.
घरीच. कमलने दोनदा विचारलं, बरं नाही का. पित्त म्हणालो.

१० एप्रिल, शुक्र.
पत्रं आली. चारशे मागितले, चारशे मिळाले. सोपानला आठशेच्या आठशे. सातही जणांना पुरेपूर. कुणीतरी पेढे आणले, आपलं नशीब बघा राव वगैरे. पाटणकर पेढा हातात घेऊन तसेच जागेवर गेले. त्यांना कळलंय, मला कळलंय. दुसऱ्या कुणी मागितलेच नाहीत.
आता शेअरमागे साडेसात भरायचे, ८ मेच्या आत. मला तीन हजार, ट्रंकेत दोन. सोपानला सहा हजार, म्हणजे पोस्टातलं सगळं. नाही भरले तर भरलेले बुडाले.

११ एप्रिल, शनि.
शिफ्ट सुटल्यावर सायकल स्टँडवर सगळ्यांना सांगितलं. एकच जागा बघून पास म्हणालो, हेही. एकाने शिवी दिली, ती पोचली. दुसरा हसला, मला ते जास्त लागलं. सोपान सगळे जाईपर्यंत थांबला.
"तुमी पास म्हनला म्हून म्या कागदाकडं बघितलंबी न्हाई, भाऊ."
आता भरायचं का न्हाई ते तुमीच सांगा, म्हणाला. अजूनही मलाच विचारतो. चिडला असता तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल, रवि.
कमलला सांगितलं. पैशांबद्दल अवाक्षर नाही. फक्त, "मोशीला मार्चात जाऊन आलात. आज एप्रिल आहे." लाज वाटली, अजून वाटते आहे.

१६ एप्रिल, गुरु.
पुण्यात कंपनीच्या ऑफिसात. साहेब गोड, चहा दिला. कोर्ट मिटेल, परवानगी येईल, गट नंबर छपाईत चुकला. मात्र लोकांनी पुढचे पैसे भरले नाहीत तर वाकडचं कामही थांबवावं लागेल, हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्यात खोटं काही नाही. राग कुणावर काढू?

२३ एप्रिल, गुरु.
कमल म्हणाली, मला दाखवा ती जागा. वाकड. काम जोत्यापर्यंत आलंय, गवंडी, पाणी मारणाऱ्या बाया, सगळं चालू. मी मनात काही ना काही खोट शोधत होतो, सापडेना. विटांच्या दोन ओळींनी खोल्या आखलेल्या. एका चौकोनात ती उभी राहिली, गवंड्याला विचारलं, इथं काय? स्वयंपाकघर, तो म्हणाला. खिडकी कुठे येणार, तेही तिने विचारलं. पूर्वेला, म्हणाला.

४ मे, सोम.
सातातल्या चौघांनी सोडून दिलं, गेले ते गेले म्हणाले. एकाने मेव्हण्याकडून उसने घेऊन भरले. उरलो मी आणि सोपान. त्याच्यापुढे सगळं मांडलं. नाही भरले तर दोन हजार नक्की गेले. भरले तर आठ हजार गुंतले, एक जागा खरी, तीन लोंबकळत. तो नीट ऐकतो, मान हलवतो आणि शेवटी विचारतो, मग तुमी काय करनार? मी भरणार असेन तर तो भरणार, नसेन तर माघारी. त्याला म्हटलं, सोपान, या वेळी माझ्यावर जाऊ नकोस. म्हणाला, मग कुनावर जाऊ?

७ मे, गुरु.
सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. हप्त्याला महिन्याची मुदत देतील, जास्त नाही. कारखान्याच्या पतपेढीत हजारासाठी अर्ज करून ठेवला होता, ते पैसे मिळाले. म्हणजे आता तीन आहेत. एक तर शेअरचे तीन, नाही तर सोसायटीचे. कमलला विचारलं, तू सांग. "तुम्ही म्हणाल ते, असं आता मी म्हणणार नाही," म्हणाली. मग काय म्हणणार आहेस? "मला ती खिडकी आवडली. आणि मला ते म्हातारबाही डोळ्यांपुढून हलत नाहीत." त्यांना तिने बघितलेलंही नाही.

८ मे, शुक्र.
सकाळ. अर्धी रजा टाकली आहे. कमलने ट्रंक उघडून पैसे काढले, पण माझ्या हातात दिले नाहीत. टेबलावर रोजनिशीशेजारी ठेवले आणि पाण्याला गेली. नोटा मोजून झाल्या, बरोबर आहेत. त्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. भरायचे की नाही, अजून ठरत नाही. बँक दहाला उघडते. आता साडेनऊ. सोपान पासबुक घेऊन बँकेच्या पायरीवर येऊन बसला असेल, आणि मी आलो की आधी माझ्या तोंडाकडे बघेल.