यादीत नसलेलं काम

रत्नागिरी, ८ जून १९९९

ती. वन्संस मालिनीचा सा. न. वि. वि.

तुम्ही सावर्ड्याला सुखरूप पोचल्याचं रघूभावजींनी ऑफिसात फोन करून कळवलं. मुकुलच्या जन्मापासून सहा वर्षं तुम्ही आमच्या घरी राबलात. आता चुलतभावाकडे निवांत बसा. हे मुंबईहून आले होते, त्यांचंही तेच म्हणणं पडलं की ताईने आता आराम करावा.

मी एका मासिकात वाचलं की नोकरी करणाऱ्या बाईने घरची कामं वाटून द्यावीत, म्हणजे तिला स्वतःसाठी आणि मुलासाठी वेळ मिळतो. मला ते अगदी पटलं. धुणंभांडी मैना करील, पोळीभाजीचा डबा बाहेरून येईल आणि दुपारी मुकुलजवळ सगुणा नावाची बाई बसेल. पण तुम्ही नेमकं काय काय करत होतात, ते आमच्यापैकी कुणालाच धड सांगता येईना. तेवढी एक यादी लिहून पाठवा.

तुमची खाट मैनेला दिली, तिची सून बाळंतीण आहे. तुमच्या खोलीत मुकुलचं टेबल छान बसलं. आत्या चार दिवसांनी येईल असं त्याला सांगितलंय. तोवर विसरेल.

लांब गेलात तरी आमच्यावरचा लोभ कमी करू नका.

आपली,
मालिनी

सावर्डे, १६ जून १९९९

चि. सौ. मालिनीस सावित्रीचे अनेक आशीर्वाद.

मी काय करत होते हे तुम्हाला सांगता आलं नाही, यात तुमची चूक नाही. तुम्ही जेवायला बसायचात तेव्हा मी आत असायची.

यादी लिहिते. पहाटे पाणी भरणं. मुकुलला पेज द्यायची, मीठ आधीच घालायचं, वरून घेतलेलं त्याला चालत नाही. बांगड्याचे काटे स्वतः काढून द्यायचे, त्याच्यावर सोडायचं नाही. शाळेतून आला की पाय धुवायचे, जांभ्याच्या मातीने त्याला खाज सुटते. पावसात त्याचे कपडे चुलीवरच्या दोरीवर. दुपारी दोन ते चार झोप. बाकीचं मागच्या पानावर लिहिलंय, एकंदर एकतीस कामं आहेत. आणखी तरी काही आठवत नाही.

खाट दिलीस ते बरं केलंस. विधवेची होती हे बाळंतिणीला सांगितलंस ना?

माझा लोभ आहेच, त्यासाठी वेगळी बाई लावू नकोस.

सावित्री

रत्नागिरी, २० ऑगस्ट १९९९

ती. वन्संस सा. न. वि. वि.

तुमच्या यादीवर घर अगदी घड्याळासारखं चाललंय. मला रोज दोन तास मोकळे मिळतात, खात्याच्या परीक्षेचा अभ्यास होतो. खरं सांगू का, सगळं एकाच माणसावर टाकण्यापेक्षा हे सुटसुटीत आहे. कुणाची मर्जी सांभाळायला नको, रुसवेफुगवे नकोत.

मुकुलला मात्र एक नवीन खोड लागलीय. दुपारी सगुणेने आडवं केलं की तिच्या कानाकडे हात नेतो. तिची कुडी ओढली जाते, ती हात झटकते, हा पुन्हा नेतो. झोपत नाही तो नाहीच. मी सगुणेला सांगितलं की बोटांवर पट्टी मारत जा, आठवड्यात सुटेल. तुमच्या वेळी असं काही होतं का? यादीत तर दिसत नाही.

दोन ओळी लिहिण्याइतका लोभ जरूर दाखवा.

मालिनी

रत्नागिरी, ४ ऑक्टोबर १९९९

ती. वन्संस सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर नाही. शुक्रवारी मुकुल शाळेतून परस्पर एसटी स्टँडवर गेला आणि चिपळूणच्या गाडीत जाऊन बसला. कंडक्टरने विचारल्यावर म्हणाला की सावर्ड्याला आत्याकडे जायचंय. मी धावत पोचले तेव्हा कंडक्टर त्याच्या बोटांवरचे वळ बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

त्या दिवशी मीच त्याला जवळ घेऊन निजवायला गेले. त्याने माझ्या कानाकडे हात नेला, मध्येच मागे घेतला आणि दोन्ही मुठी मिटून पोटाशी धरल्या. वन्सं, मला फार रडू आलं. ही खोड जुनी असणार हे आत्ता कळतंय. सगुणेला काढून टाकलंय. तो माझ्याशी बोलत नाही, नीट जेवत नाही. माझं चुकलं. खोली रिकामी करते, नवी खाट घेते, तुम्ही या.

माझ्यावर नसला तरी त्याच्यावरचा लोभ आठवा.

मालिनी

दापोली, १२ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. मालिनीस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं रघूने इकडे पाठवली. जुलै संपता संपता मी दापोलीला एका प्राध्यापकांच्या घरी कामाला लागले. नवराबायको दोघंही विद्यापीठात जातात. तुला पाठवलेल्या यादीची नक्कल दाखवली, त्यांनी लगेच ठेवून घेतलं. रविवारी मला सुट्टी असते. तुझ्याकडे सहा वर्षांत रविवार कसा असतो ते कळलं नव्हतं.

विचारलंस म्हणून सांगते. मुकुल तीन महिन्यांचा होता, तू ऑफिसला जायला लागलीस, तेव्हापासून तो माझ्या डाव्या कानाची पाळी धरून झोपायचा. ते मी यादीत लिहिलं होतं, बत्तिसावं. मग खोडलं. तू कामं विचारली होतीस आणि ते मी काम म्हणून केलं नव्हतं. शिवाय वाटलं, एवढी एक गोष्ट तरी तुझ्या बायकांना येऊ नये. पट्टीचं वाचलं तेव्हा एक पोस्टकार्ड पुरलं असतं. समोर घेऊन बसले होते, पण लिहिलं नाही. पोराची बोटं सुजत असतील हे मला कळत होतं. आणि तो मला विसरला नाही याचा आनंदही होत होता. खोटं कशाला लिहू?

मी येणार नाही. इथली मनस्वी तीन वर्षांची आहे. पहिले काही दिवस माझ्याजवळ झोपेना. मग मीच तिचा हात धरून माझ्या कानाशी नेला. आता ती आईजवळही झोपत नाही.

मुकुलला सांग, आत्या चार दिवसांनी येईल.

लोभाचं तुझं तू बघ.

सावित्री