खांबावरचा ब्लागोय

लाडक्या दोंकेस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. माझं नाव स्तोयना. सांगितलेलं बरं, ईस्टरलाही तुला आठवलं नव्हतं.

इथं स्कोप्येत मी ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझी शेळी व्याली का?

मंगळवारी पाव आणायला निघाले, तर खांबावर मयतांच्या बातम्यांचे कागद डकवतात ना, त्यांमध्ये, काळ्या चौकटीत, माझ्या नातवाचा, आपल्या ब्लागोयचा फोटो! मला कुठं वाचता येतं? पाव तसाच राहिला. कशीबशी घरी आले, तर ब्लागोय गिटार पुसत बसलेला.

"आजी, आमच्या पंक बँडच्या कार्यक्रमाची जाहिरात आहे ती. लिहिलंय, हा तरुण या देशात कामधंद्याची वाट बघून बघून वारला."

"मेल्या, जित्या माणसाला काळी चौकट लावतात होय रे?"

"त्यात खोटं काय आहे?"

मी त्याला जेवायला वाढलं, दोंके.

त्या कार्यक्रमात त्यांची सरकारला शिव्या देणारी गाणी शेवटची गाऊन झाली. ड्रमवाला जर्मनीला गेला, रविवारच्या बसनं ब्लागोयही तिकडंच चाललाय. हे पत्र तोच लिहितोय, मान काही वर करत नाही. तो कागद अजून खांबावर आहे. पावाला मी लांबच्या रस्त्यानं जाते.

पोरांना माझे मुके. आता खाणारी मी एकटीच, तेव्हा भाजल्या मिरच्यांच्या आयवारची बरणी यंदा लहान पाठव.